फोन कोणत्या दिवशी आला

रविवार, ८ सप्टेंबर २००२

आला नाही.

पाटोडीचा रस्सा तीनदा गरम केला, शेवटी आटून तळाला लागला. सासूबाई दारातच बसून होत्या. पाचच्या सुमारास म्हणाल्या, "आता ठेव झाकून. यायचा असंन त येईन."

भांडण माझ्या कामावरून झालं होतं. ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मी मलाच खोटं सांगणार नाही. मी बैरनबाजारात नरहर साळवे पाळकांकडे टायपिंगला जाते. नागपूरला मराठी टायपिंगची चाळीसची परीक्षा पास झाले आणि लग्न होऊन रायपूरला आले. इथे राज्य नवीन झालं, राजधानी झाली, ऑफिसं उघडली, पण सगळी हिंदीची. मराठी टाइपरायटर असलेला माणूस या शहरात मला एकच सापडला, आणि तो पाद्री निघाला. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटमध्ये माझ्या नवऱ्याला, यशदीपला, लोक चिडवतात, "क्यों मेश्राम, भाभी ईसाई बन रही है क्या?" सोमवारी तो म्हणाला, "माह्या आजोबानं एकदा धर्म बदलला, पुरे झालं. तू काहून जाते तिथं?" मी म्हणाले, मी धर्म टाइप करत नाही, तारखा टाइप करते. "मंग तारखाच खाय," म्हणाला. पिशवी भरली आणि प्लांटजवळ मनहरणच्या खोलीवर राहायला गेला. मनहरण त्याचा भट्टीवरचा जोडीदार.

आमच्याकडे फोन नाही. त्याचा फोन शेजारी शारदाकाकूंकडे येतो. काल, शनिवारी संध्याकाळी काकू कुंपणावरून म्हणाल्या, "पोळ्याच्या सकाळी यशदीपचा फोन आला होता वं. रविवारी येतो म्हणे. मी गोल बाजारात बैल आणाले निघून राहिली होती, अन् आमचे हे नाइट करून झोपले होते, घंटी वाजली तशे खेकसले. म्हणून लवकर ठेवला." काल पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सगळीकडे मातीचे बैल फिरत होते. म्हणजे काल सकाळचाच फोन.

काल सकाळी बोलला आणि आज आला नाही. अजून राग गेला नसेल.

मंगळवार, १० सप्टेंबर

सिलतऱ्याला गेले. टेम्पोतून उतरले तर तोंडात लोखंडाची चव आली.

ठेकेदाराच्या मुंशीनं हजेरीचं रजिस्टर माझ्यासमोर फिरवलं. यशदीप मेश्राम, दोन आणि तीन तारखेला हजर, चारपासून गैरहजर. "चार तारीख से आया ही नहीं तुम्हारा आदमी. कहीं निकल गया होगा." गेटच्या भिंतीवर कागद चिकटवलेला होता. गुरुवार, पाच तारीख, दुसऱ्या पाळीत भट्टीतला लोखंडाचा रस उसळला, दोन कामगार दगावले. दोन्ही नावं वाचली. त्याचं नव्हतं. मी तो कागद तीनदा वाचला. समोरच्या चहावालीनं माझ्याकडे न बघता म्हटलं, "तीन झन रिहिन, बाई." तीन जण होते. मुंशीला विचारलं तर तो हसला.

मनहरण खोलीवर सापडला. मान वर केली नाही. "मैं कुछु नइ जानंव भौजी," एवढंच. दोनदा विचारलं, दोनदा तेच. यशदीपची पिशवी त्यानं कोपऱ्यातून काढून दिली. आत इस्त्री केलेला निळा शर्ट होता, घडी न मोडलेला. पिशवी सोडून गेला म्हणजे लांब गेलेला नाही.

परतताना टेम्पोत बोटांवर मोजलं. अपघात गुरुवारचा. फोन शनिवारचा. मेलेला माणूस फोन करत नाही. म्हणजे जिवंत आहे, आणि माझ्यावर रुसून कुठे तरी बसला आहे. आला की दोन थोबाडीत देईन, असं मनात आलं आणि इतकं बरं वाटलं की चारचौघांत रडले.

सासूबाईंना हे सगळं मोजून सांगितलं. त्यांनी पिशवी उघडली, शर्ट बाहेर काढला, पुन्हा आत ठेवला. म्हणाल्या, "बरं."

शुक्रवार, १३ सप्टेंबर

चौकीवर गेले. हवालदारानं विचारलं, "झगड़ा हुआ था?" खोटं बोलता आलं नाही. त्यानं लिहिलं, घर से नाराज़ होकर गया. मग म्हणाला, "लौट आएगा. सब लौट आते हैं."

तिथून पाळकसाहेबांकडे. घरी बसून काय केलं असतं? त्यांना काही सांगितलं नाही. त्यांचं वय शहात्तर. काचबिंदूनं उजवा डोळा गेला, डाव्याला खिडकीपुरता उजेड कळतो. वीस वर्षं त्यांनी होतकरू पाळकांना इतिहास शिकवला. आता पुस्तक लिहीत आहेत, ख्रिस्ती मंडळीची पहिली चाळीस वर्षं. सगळं पुस्तक एकाच प्रश्नावर अडलं आहे. काय घडलं ते सगळे सांगतात, केव्हा घडलं ते कुणीच लिहिलेलं नाही. "त्या दिवसांत", "काही दिवसांनंतर", "चौदा वर्षांनी". कशानंतर चौदा, ते नाही. मी विचारलं, इतकी माणसं लिहिणारी, एकालाही तारीख घालावीशी वाटली नाही?

"त्यांना वाटत होतं जग आता बुडणार," ते म्हणाले. "बुडणाऱ्या जगाची तारीख कोण लिहितो, रुचिताबाई?"

मग त्यांनी गल्लियोचं पान सांगितलं. करिंथ शहरात पौल या ख्रिस्ती प्रचारकाला पकडून गल्लियो नावाच्या सुभेदारापुढे उभं केलं, असं बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत आहे. पण कोणत्या साली, ते नाही. मग शंभरेक वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये डेल्फीला एका दगडाचे तुकडे सापडले. त्यावर रोमच्या बादशहाचं पत्र कोरलेलं, त्यात गल्लियोचं नाव, आणि बादशहाच्या कारकिर्दीचा हिशेब. त्यावरून गल्लियो सुभेदार होता ते साल निघालं, एक्कावन्नच्या आसपास. पौलाच्या अख्ख्या आयुष्यात हा एकच खुंटा पक्का. बाकी सगळं त्याच्यापासून पुढे-मागे मोजायचं.

"त्या पत्रात पौलाचं नाव आहे का?" मी विचारलं.

"नाही. म्हणून तर भरवसा. दगडाला पौलाशी काही देणंघेणं नव्हतं."

गुरुवार, १९ सप्टेंबर

त्याला जाऊन सतरा दिवस झाले. पाळकसाहेब आज हट्टाला पेटले होते. येशूला क्रुसावर दिलं ते साल तीस की तेहतीस? तरुणपणी त्यांनी एक पुस्तिका छापली होती, तीत तेहतीस म्हटलं होतं, आणि वीस वर्षं वर्गात तेच शिकवलं. पण गल्लियोपासून मागे मोजत आलं, पौलाची चौदा वर्षं वजा केली, त्याआधीची तीन वजा केली, की तेहतीसला जागाच उरत नाही. मग ते म्हणतात, त्या काळी अर्धं वर्षही पूर्ण धरत, तशी धरली तर बसतं. मग पुन्हा मोजतात. आज हे पाच वेळा झालं. पाचव्यांदा मी टाइप करता करता थांबले.

"तुम्हाला तेहतीसच हवं आहे," मी म्हणाले.

त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाले, "हो. हवं असलेलं उत्तर जो देतो तो साक्षीदार पुन्हा तपासायचा, हे मी पोरांना सांगत असे."

आज मी त्यांना सगळं सांगितलं. भांडण, गेट, पिशवी, फोन. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोन तुम्ही स्वतः घेतला होता का?"

मला राग आला. शारदाकाकू काय खोटं बोलतील? त्यांना काय मिळणार आहे? मी टाइपरायटरवर झाकण घातलं आणि न सांगता निघाले.

सोमवार, २३ सप्टेंबर

काकूंनी आज पुन्हा डबा दिला, वडे आणि कढी. परवा साबुदाणा, त्याआधी भजी. इतकं करतात की मला अवघडल्यासारखं होतं. डबा देतात आणि उभ्या उभ्या निघून जातात, बसत नाहीत. देवमाणूस आहे.

सासूबाईंनी यशदीपचा जेवणाचा डबा घासून, पुसून माळ्यावर ठेवला. मी खाली काढून फळीवर ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर पुन्हा माळ्यावर.

सोमवार, १४ ऑक्टोबर. नागपूर

दीक्षाभूमीवर आहे. यशदीपनं दरवर्षी इथे येणं कधी चुकवलं नाही. लग्नाच्या वर्षी ताप होता तरी आला होता. जिवंत असेल तर इथे येईल, हे माझ्या मनानं घेतलं. सासूबाईंना म्हटलं चला, तर म्हणाल्या, "तू जाऊन ये. तुह्या मनाचं समाधान होईन."

कोणत्या दिवशी यायचं, हेच कळेना. तारखेनं चौदा, आणि तिथीनं दसरा, तो उद्या. काही लोक आज येतात, काही उद्या. एवढी मोठी गोष्ट, शेचाळीस वर्षांपूर्वीची, ज्यांनी डोळ्यांनी पाहिली ती माणसं अजून आहेत, तरी आमचे दोन दिवस. मी दोन्ही दिवस थांबायचं ठरवलं आहे. नणंदेच्या घरून भाकरी बांधून आणली आहे.

गेटाजवळ उभी राहते. त्याच्या उंचीचा कोणी दिसला की पुढे होते.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

सकाळी सात ते संध्याकाळी सात. पायांना गोळे आले. एका माणसाची पाठ अगदी तशी होती. मी त्याचा दंड धरला. तो वळला, त्याच्या कडेवर लेक होती. म्हणाला, "ताई, कोणी हरवलं काय?" मी नाही म्हणाले.

लाखो लोक होते आणि त्यात तो नव्हता, हे मला इतक्या ठामपणे कसं कळलं, सांगता येत नाही. पण तो कुठे तरी आहे. फोन शनिवारचा आहे.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

पाळकसाहेबांकडे महिन्यानं गेले. का आला नाहीत, असं विचारलं नाही. म्हणाले, "खुर्चीवर मांजर बसत होतं. आता त्याला उठवायला हरकत नाही."

आजचं पान वल्हांडणाचं. वल्हांडण हा यहुदी लोकांचा मोठा सण. येशूला शुक्रवारी मारलं, यावर चारही शुभवर्तमानांचं, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांचं, एकमत. पण तो शुक्रवार म्हणजे सणाचा दिवस होता की सणाच्या तयारीचा, यावर नाही. तिघं म्हणतात आदल्या संध्याकाळचं जेवण हेच सणाचं जेवण. योहान म्हणतो, नाही, तो तयारीचा दिवस होता, सण अजून लागायचा होता. मी म्हणाले, एका दिवसानं काय फरक पडतो?

"सण चंद्रावर चालतो. शुक्रवारी सण होता की तयारी होती, त्यावरून साल बदलतं. एका दिवसानं वर्ष हलतं, बाई." मग म्हणाले, "कदाचित कुणीच खोटं बोललेलं नाही. गालिलातले लोक एक दिवस धरत असतील, यरुशलेमेतले दुसरा. सण म्हटलं की माणसाच्या मनात पुढचे-मागचे दिवस एकत्र होतात."

माझे हात टाइपरायटरवर तसेच राहिले. यंदा पोळाही दोन दिवस झाला होता. अमावस्या शुक्रवारी दुपारपासून शनिवारी सकाळपर्यंत होती. पाऱ्यातल्या छत्तीसगढी घरांनी शनिवारी केला. मराठी घरांनी? आमच्या घरी पोळा नसतो, मी कधी विचारलंच नव्हतं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

काकूंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"काकू, तुम्ही पोळा कोणत्या दिवशी केला?"

"शुक्रवारी. आमच्यात अमावस्या संध्याकाळची धरतात." मग हात थांबला. "काहून वं?"

"सहज."

म्हणजे पोळ्याची सकाळ ही शनिवारची नाही, शुक्रवारची. सहा तारीख. एक दिवस मागे सरकला. पण अपघात गुरुवारचा, पाचचा. शुक्रवार त्याच्यानंतरचाच. अजून नंतरचाच आहे. जिवंत आहे.

रविवार, २७ ऑक्टोबर

ही वही पहिल्या पानापासून वाचली. काकू म्हणाल्या होत्या, बैल आणायला निघत होत्या. मातीचे बैल आदल्या दिवशी आणतात. सणाच्या सकाळी पूजेची घाई असते, बाजारात कोण जातं?

पण जातातही. सणाच्या सकाळी आणलेले बैल मी स्वतः पाहिले आहेत.

विचारलं नाही.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

विचारलं नाही. राज्याचा वाढदिवस आहे, दोन वर्षं झाली. सगळीकडे पताका.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. काकूंकडून चकल्या, अनारसे, शेव. सासूबाईंनी डबा घेतला आणि काकूंच्या पाठीवर हात ठेवला. काकू रडायला लागल्या. आमच्यासाठीच रडत असतील.

मी पाळकसाहेबांनाही विचारलं नाही. त्यांना उत्तर माहीत आहे असं त्यांच्या गप्प बसण्यावरून वाटतं. मला उत्तर नको आहे. मला शनिवार हवा आहे.

रविवार, १० नोव्हेंबर

आज विचारलं. जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी काकूंकडे गेले. श्यामरावकाका घरी होते. ते मालगाडीचे गार्ड आहेत, पुढल्या वर्षी निवृत्त होतील. मी काकूंशी न बोलता थेट त्यांनाच म्हणाले, "काका, पोळ्याच्या वेळी तुमची ड्युटी कशी होती?"

काका खूश झाले. असलं त्यांना कोणी विचारत नाही. "मी सांगतो ना. मी समदं लिहून ठेवतो. एकोणऐंशीपासूनच्या वह्या हायेत माह्यापाशी." पेटीतून लांबट वही काढली, चष्मा लावला, बोट फिरवत वाचलं. मी तीच ओळ इथे उतरवून घेतली आहे.

"४/९ रायपूर सुटलो २१.१५. परत ५/९, घरी ६.४०. झोप. ५/९ पुन्हा साइन ऑन २३.००, डोंगरगड. ७/९ घरी १३.००."

"शुक्रवारी सकाळी तुम्ही घरी नव्हता?"

"शुक्रवारी? छ्या. शुक्रवारी मी डोंगरगडच्या रनिंग रूममधी, गार्ड लोकं झोपतात तिथं. पोळ्याचं पुरण मी शिळं खाल्लं, इचार हिले."

काकूंच्या हातात उलथनं होतं. फोन आला तेव्हा काका नाइट करून झोपले होते, खेकसले होते. शुक्रवारी सकाळी काका डोंगरगडला. शनिवारी सकाळीही नाहीत. नाइट करून घरात झोपलेले होते ती सकाळ एकच. गुरुवार. पाच तारीख.

काकांच्या त्या ओळीत यशदीप कुठेच नाही. गाडीची वेळ आहे आणि झोप आहे.

"काकू," मी म्हणाले.

काकू खालीच बसल्या. "गुरुवारीच आला होता वं. मी इसरली. बैल, पुरण, नणंद येणार होती. शनिवारी कुंपणापाशी तू दिसली अन् मले आठोलं. दोन दिवस झाले होते. मले लाज वाटली, म्हणून पोळ्याची सकाळ म्हटलं. मले काय माहीत होतं? मंग प्लांटचं ऐकलं. तू म्हणे, फोन नंतरचा हाये, म्हणून तो जिवंत हाये. तुह्या तोंडावर उजेड दिसे. मी कशी सांगू? आज सांगीन, उद्या सांगीन…"

काका वही हातात धरून उभेच होते. त्यांना काही कळत नव्हतं, मग कळलं.

मी विचारलं, "अजून काय म्हणाला होता?"

"म्हणे, आज डबल लागली. फस्ट अन् सेकंड, दोन्ही. रविवारी येतो म्हणा. अन्…" काकूंनी उलथनं खाली ठेवलं. "अन् तिले म्हणा, पाळकाकडे जात असंन त जाय. माहं काही नाही. टायपिंग सोडू नको म्हणा."

चार तारखेपासून गैरहजर नव्हता. पाचला सकाळी प्लांटमधून फोन केला, दोन्ही पाळ्या करणार होता. दुसऱ्या पाळीत भट्टी उसळली. तीन झन रिहिन.

मी काकूंना काही बोलले नाही. बोलता आलं असतं तर खूप वाईट बोलले असते. घरी आले, सासूबाईंना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, "मले शर्ट पाह्यला तेव्हाच समजलं. गावाले जाणारा माणूस इस्त्रीचा शर्ट ठेवून जात नाही, बाई."

"मग बोलला का नाहीत?"

"तू मोजून राहिली होती. मोजू दिलं तुले."

बुधवार, १३ नोव्हेंबर

पाळकसाहेबांकडे गेले ते काम करायला नाही. दारातूनच सांगितलं, श्यामरावकाकांच्या वहीसकट. फोन गुरुवारचा. त्यांनी हातानं चाचपून खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

"तुमचा शुक्रवारी मेला आणि रविवारी उठला," मी म्हणाले. "माझा गुरुवारी मेला. तोही रविवारी येतो म्हणाला होता."

मी हे का बोलले माहीत नाही. त्यांचा देव मला कधी नकोही नव्हता आणि हवाही नव्हता. पण कुणावर तरी ओरडायचं होतं आणि ते समोर होते, आंधळे, म्हातारे, हातात माझीच टाइप केलेली पानं. मी आणखीही बोलले. तुम्ही मला मोजायला शिकवलं नसतं तर माझा नवरा अजून जिवंत असता, असं म्हणाले.

त्यांनी एकही वचन सांगितलं नाही, धीर धरा म्हणाले नाहीत. त्यांच्या गालावर पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग विचारलं, "नाव सांगा त्याचं पूर्ण. मी ते नीट ऐकलेलंच नाही."

"यशदीप लहानू मेश्राम."

त्यांनी ते दोनदा उच्चारलं.

निघताना म्हणाले, "माझं तीस की तेहतीस कधी कळायचं नाही. मी जाईन तेव्हा पानावर 'सुमारे'च असेल. त्या बिचाऱ्यांकडे श्यामराव नव्हते. तुमच्याकडे आहेत. त्या मुंशीला चार तारीख ठेवू देऊ नका."

गुरुवार, २१ नोव्हेंबर

लेबर ऑफिसात जबाब झाला. मी, काका, काकू. मनहरणला दोनदा निरोप पाठवला होता. बारापर्यंत वाट पाहिली. तो आला नाही. त्याच्या घरी चार खाणारी तोंडं आहेत आणि ठेकेदार तोच आहे. तरी मी दाराकडे बघत होते.

मुंशी आला होता, रजिस्टर घेऊन. साहेबांनी मला विचारलं, "आपको कैसे मालूम कि पाँच को ड्यूटी पर था?" मी सांगायला लागले, पण फोन मी घेतलेला नव्हता. माझ्या सांगण्याला किंमत नव्हती. काकू मागच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. त्यांना बोलावण्याचं मी ठरवलं नव्हतं. येते म्हणाल्या, म्हणून बसमध्ये जागा धरली होती, इतकंच. त्याआधी दहा दिवस आमच्यात बोलणं नव्हतं.

त्या आपणच उठल्या. त्यांची हिंदी मोडकी आहे, घाबरल्या की मराठीच येते. "साब, फोन मैंने उठाया था. गुरुवार को. मैं भूल गई और झूठ बोली. माहं चुकलं. लेकिन वो बोला था, आज डबल है. ये मैं भगवान के सामने बोलती हूँ." सगळ्या ऑफिसासमोर. मुंशी हसला. "इतने दिन बाद याद आया?" काका उठले आणि वही साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवली. साहेबांनी ती ओळ वाचली, मागचं पान वाचलं, पुढचं पान वाचलं. मग मुंशीकडून रजिस्टर मागून घेतलं आणि चार तारखेचा रकाना उजेडात धरून पाहिला. रजिस्टर मुंशीला परत दिलं नाही, स्वतःच्या कपाटात ठेवलं.

पुढे काय होईल, माहीत नाही. काका म्हणतात वर्षं लागतील. ठेकेदार मोठा माणूस आहे. कागदावर कारकून लिहीत होता, "मृत्यु लगभग पाँच सितंबर". मी म्हणाले, "लगभग नहीं. पाँच सितंबर, गुरुवार." त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. त्यानं तो शब्द खोडला. मी सही केली. माझी सही माझ्यासारखी आली नाही.

बाहेर आल्यावर काकू माझ्यापासून चार पावलं मागे चालत होत्या. मी थांबले. त्या जवळ आल्या, मग आम्ही तिघं स्टँडपर्यंत बरोबर गेलो.

घरी सासूबाई बसून होत्या, सकाळच्याच जागी. "काय लिवलं त्यायनं?"

"पाच सप्टेंबर, गुरुवार."

"अजून एकदा सांग."

सांगितलं.

"किती वाजता?"

"ते नाही लिहिलं. दुसऱ्या पाळीत. दोन वाजता लागते ती."

त्या विचार करत राहिल्या. "डबल होती ना त्याची. मंग दोन पाळ्यांच्या मधात सुट्टी देत असतीन."

"देतात थोडी."

"म्हणजे जेवला असंन."

मी हो म्हणाले.